अवसेचं पाणी

१

तेरा ऑगस्ट एकोणीसशे नव्व्याण्णव, शुक्रवार. बाळकुम नाक्यावर एका बंद पडलेल्या शाळेत निवडणुकीची तात्पुरती कचेरी थाटली होती. सकाळी दहाला दगडाबाई नाखवा तिथे शिरली, तेव्हा तिच्या डोक्यावर मासळीची पाटी नव्हती आणि तोंडात शिवी नव्हती. तिला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरूनच कळलं असतं की प्रकरण गंभीर आहे.

"माजा नाव वाचून दाव," ती म्हणाली.

नायब तहसीलदार लक्ष्मी वाघ यांनी खाजणवाडीची यादी ओढली. खाजणवाडी म्हणजे खाडीत घुसलेल्या जमिनीच्या जिभेवरचा कोळीवाडा. शंभराच्या आत घरं, तीनशे एकोणनव्वद मतदार. वाघ मॅडमनी पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वर गावाचं नाव होतं, खाली शिक्का होता, आणि मधे काहीच नव्हतं. तळाशी छापलं होतं: एकूण मतदार, शून्य.

"बावन्न सालापासना एक विलेक्शन चुकवली नाय मी," दगडाबाई म्हणाली. "पयल्या टायमाला लगीन होऊन चार म्हयने जाले होते. नवऱ्यानी इचारला, कोनाला दिलास? मी बोलली, तुला कशाला सांगू? आता मी मेली का जिती हाय, त्यो तुमचा डबा ठरवनार?"

'डबा' खोलीच्या कोपऱ्यात बसला होता आणि त्याच्यासमोर डॉरिस परेरा बसली होती. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची. मतदार यादीचा हा प्रोग्रॅमही तिनेच लिहिला होता आणि शेवटची छपाई नीट व्हावी म्हणून कालपासून ती इथे मुक्काम ठोकून होती. सगळ्यांनी एकदमच तिच्याकडे वळून पाहिलं. कंप्युटर आल्यापासून कचेऱ्यांची ही मोठीच सोय झाली होती. चूक कोणाची, हे शोधायला लागत नसे.

"मॅडम, ही चूक प्रोग्रॅमची नाही," डॉरिस म्हणाली.

"असं प्रत्येकजण म्हणतो," वाघ मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, पण दमलेल्या होत्या. "आज संध्याकाळी सहाला पुरवणी यादीला मोहोर लागते. त्यानंतर देवालासुद्धा नाव घालता येणार नाही. आत्ता सव्वादहा झालेत."

२

डॉरिसला स्वतःच्या धंद्याचं एक दुखणं होतं. सगळा देश त्या दिवसांत दिल्लीबद्दल बोलत होता. एप्रिलमध्ये तिथलं सरकार एका मताने पडलं होतं आणि म्हणून ही निवडणूक आली होती. टीव्हीवरची मंडळी कोणाच्या किती जागा येणार ते रंगीत चौकोनांत दाखवत होती. मतपेटी पळवली की मोर्चे निघत, मथळे येत. यादीतून नाव पळवलं तर कोणाला पत्ताही लागत नाही, हे डॉरिसला यादीचं काम करता करता उमगलं होतं. यादी म्हणजे देशाची हजेरी. हजेरीपटावर नावच नसेल, तर वर्गात बसून काय उपयोग?

म्हणून तिने आपल्या प्रोग्रॅममध्ये एक सोय करून ठेवली होती. कोणतंही नाव वगळलं की कधी आणि कोणत्या कागदाच्या आधारे, याची नोंद आपोआप होई. कोणी वगळलं, तेही नोंदलं गेलं असतं. पण परवलीचा शब्द लक्षात राहत नाही म्हणून कचेरीने पहिल्याच आठवड्यात ती अट काढायला लावली होती.

तिने नोंदीचा कागद छापला. तीनशे एकोणनव्वद नावं एका झटक्यात वगळलेली. आधार, स्थळपाहणीचा कागद क्रमांक पंधरा. म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं. माणसाने सांगितलं तेच यंत्राने केलं होतं.

वाघ मॅडमनी तो कागद फायलीतून काढला. तारीख अकरा ऑगस्ट, म्हणजे परवाचीच. वेळ सकाळी अकरा ते दुपारी साडेबारा. कसे गेलात: पायी. शेरा: 'घरे बंद. रहिवासी कायमचे स्थलांतरित.' खाली पाहणी करणाऱ्या महिपतची सही.

"स्थलांतरित!" दगडाबाईने कपाळाला हात लावला. "मंग मी कोन, भूत?"

"तुम्ही समोर उभ्या आहात हे मला दिसतंय हो," वाघ मॅडम म्हणाल्या. "पण कायद्याने झालेली पाहणी मी तुमच्या तोंडच्या शब्दावर रद्द करू शकत नाही. नवी पाहणी करायला सात दिवस लागतात. नाहीतर ही पाहणी खोटी होती याचा धडधडीत पुरावा आणा, मी एका सहीत सगळी नावं परत घेते."

डॉरिसचं मात्र अर्धंच लक्ष होतं. ती आपल्या छापील नोंदीकडे बघत होती. दोन हजार साल उजाडताना जगातले कंप्युटर गडबडणार म्हणून तिची कंपनी वर्षभर तारखाच तपासत होती, त्यामुळे तारीख दिसली की तिची नजर आपोआप अडकायची. म्हणूनच तिच्या प्रोग्रॅममध्ये महिना अक्षरांत छापला जाई. आणि नावं वगळल्याची तारीख तिथे अक्षरांत छापली होती: आठ नोव्हेंबर एकोणीसशे नव्व्याण्णव, दुपारी बारा वीस.

खाजणवाडीची नावं अजून न उगवलेल्या दिवशी वगळली गेली होती.

३

"आठ नोव्हेंबर? तेव्हा तर दिवाळी असेल!" सहदेव म्हणाला.

सहदेव यंत्रावर नावं टंकणारा. वय पंचवीस, केसांना तेल, तोंडात च्युइंगम. डॉरिसने त्याला वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात गाठलं होतं.

"सहदेव, तुझ्या बाकीच्या सगळ्या नोंदींवर एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. ते का?"

"मॅडम, त्या मशीनची बॅटरी गेलेली आहे ना. चालू केलं की रोज विचारतं, तारीख काय, वेळ काय. आपण दोनदा एंटर मारायचं, विषय संपला. त्याच्या हिशोबात रोज एक जानेवारी ऐंशी, मंगळवार. आपल्याला काय टेन्शन?"

"आणि परवा, अकरा तारखेला?"

सहदेवने जीभ चावली. "खरं सांगू? परवा गटारी होती. त्यात संध्याकाळी ग्रहण. मी अकरालाच मशीन बंद करून सटकलेलो. घरी मटण होतं. मॅडमना सांगू नका प्लीज."

दुसरा महिपत. पालिकेच्या शाळेत शिपाई, निवडणूक आली की पाहणीच्या कामाला जुंपलेला. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, चपलांवर खाजणाचा सुका चिखल. स्वतःची सही पाहून त्याच्या पायांखालची जमीनच सरकली.

"सही माझीच आहे बाई. पण मी परवा गेलेलोच नाही तिथे. आईशप्पथ! मी यंदा चौदा वेळा खाजणवाडीला गेलोय, चौदा कागद आहेत माझे. हा पंधरावा माझा नव्हे."

"मग सही कशी?"

"कोऱ्या कागदांवर घेऊन ठेवल्यात सह्या. म्हणाले, कागद चुकला तर तुला परत कुठे शोधत बसू? सगळ्या पाहणीवाल्यांच्या घेतल्यात. हस्ताक्षर बघा ना, हे माझं आहे का?"

हस्ताक्षर बघण्यात अर्थ नव्हता. कागद टंकलेला होता.

"कोणी घेतल्या सह्या?"

महिपतने मान खाली घातली. "ते कपाट सगळ्यांनाच उघडं असतं बाई. उगाच कोणाचं नाव कशाला घ्या?"

तिसरे त्र्यंबकराव. छत्तीस वर्षं हेडक्लार्की करून निवृत्त झालेले, आणि निवडणुकीपुरते मानधनावर परत बोलावलेले. पांढरा स्वच्छ सदरा, खिशाला शाईचं पेन, मनगटावर जुनं घड्याळ, जिभेवर पंचांग. कचेरीतल्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला असत आणि त्यांच्यामुळेच ही कचेरी चालते असं सगळे म्हणत. ते खरंही होतं.

"मी त्या यंत्राला शिवत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही कागदाची माणसं. परवा अमावास्या, त्यात ग्रहण. ग्रहण लागण्याआधी जेवायचं म्हणून मी डबा घेऊन इथेच बसलो होतो. कोण आलं, कोण गेलं, माझं लक्ष नव्हतं. महिपतने कागद आणून ठेवला, मी फायलीला लावला. तुम्हाला त्याची नक्कल हवी का? घ्या ना. पण पोच हवी हो."

त्यांनी नक्कल दिली आणि पोचपावतीचा चिटोराही दिला. डॉरिसने तो न वाचताच पर्समध्ये टाकला.

"एक सांगू, मुली?" त्र्यंबकराव चष्मा पुसत म्हणाले. "यंत्र चुकलं म्हणून मोकळी हो. तुझी नोकरी जाणार नाही. माणसांवर आळ घेऊ नये."

बोलणं मायेचं होतं, पण डॉरिसचा पारा चढला. यंत्र चुकलं म्हणून सोडून द्यायचं, तर उद्या देशातली कोणतीही यादी कोणीही साफ करील आणि बोट डब्याकडे दाखवील.

"मावशी," ती दगडाबाईला म्हणाली, "मला तुमची वाडी दाखवा."

दगडाबाईने आभाळाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "चल. पन लौकर चल."

४

खाजणवाडीला जायला एकच वाट होती. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी घातलेला मातीचा बांध, दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढा. दोन्ही अंगांना खाजणाची खारी दलदल आणि तिवरं. दोघी सव्वाबाराला वाडीत पोचल्या.

एक घर बंद असेल तर शपथ. होड्या किनाऱ्यावर पालथ्या घालून त्यांना डांबर चोपडलं होतं. माणसं जाळी शिवत होती. नारळी पुनवेपर्यंत एकही होडी पाण्यात जाणार नव्हती, म्हणून बहुतेक सगळं गाव घरात. परवा तर गटारी होती, तेव्हा कोण कशाला गाव सोडून जाईल? भिवाजी नावाच्या म्हाताऱ्याने उलट विचारलं, "परवा आमी इतका दंगा केला का नाक्यावरना पोलिस यायचा रायला. आनि आमी गावात नव्हतो?"

डॉरिसने घर न् घर पाहिलं, नावं टिपली, चहा घेतला, आणि मनातून खचत गेली. गाव सांगतंय की आम्ही इथेच होतो. पण गावाची साक्ष गावासाठी. वाघ मॅडम म्हणतील, ही तोंडची गोष्ट झाली, पुरावा कुठे आहे? एक वाजून गेला होता. ती लगबगीने निघाली आणि गावाच्या टोकाशी येऊन थबकली.

बांध नव्हता.

मघाशी ज्यावरून ती चालत आली होती, तिथे करडं पाणी पसरलं होतं. तिवरांचे नुसते शेंडे वर दिसत होते. गुडघा, मग मांडी, आणि मधल्या खिंडारात तर माणूस बुडेल एवढं. ओढही जबरदस्त.

"बोलली होती ना, लौकर चल," मागून दगडाबाई म्हणाली. "आता साडेतीनाला वाट सुटंल."

"मावशी! सहाला यादी बंद होणार! होडी काढा ना कोणाची तरी!"

"पालथी होडी, ओला डांबर. बस गुमान."

५

डॉरिस एका पालथ्या होडीवर बसली. संताप, पाऊस आणि डास, तिन्ही एकदम अंगावर येत होते. लाखो नावं क्षणात चाळणारी यंत्रं आपण चालवतो आणि हातभर पाण्यापुढे आपलं काही चालत नाही, या विचाराने तिला रडू यायचं बाकी होतं.

"मावशी, तुम्हाला साडेतीन हे कसं कळलं?"

"त्यात काय कलायचा? तिथीची पाऊनपट करायची." दगडाबाई तिच्या शेजारी बसली. "आज बीज. दोनाची पाऊनपट दीड. दीड वाजता दर्याची भरती. आमच्या खाडीत चढायला आजून पाऊन तास, म्हंजी सव्वादोन. त्याच्या आदी सवा तास आनि मागना सवा तास बांध पान्यात. बीज, तीज, आवस, पुनव, या दिसांना तर बगायलाच नको. आठमीला पानी बांधाला शिवत पन नाय."

डॉरिसने मनात हिशोब केला. एक ते साडेतीन. बरोब्बर. आणि मग ती दगडाबाईकडे वळली.

"मावशी, परवा अवस होती. अवसेला किती?"

"आवस म्हंजी पंधरावी तिथ. पंधराची पाऊनपट सव्वाअकरा. खाडीत बारा. पावनेअकरा ते सव्वाएक, बांध पान्याखाली."

डॉरिसने पर्समधून पाहणीच्या कागदाची नक्कल काढली. अकरा ते साडेबारा. पायी.

ती उभीच राहिली. परवा अकरा ते साडेबारा या वेळात खाजणवाडीला पायी जाऊन आलेला माणूस जगात असूच शकत नव्हता. आणि ही साक्ष गावाची नव्हती. ही समुद्राची होती, आणि समुद्राची वेळ रोज वर्तमानपत्रात छापून येते!

नक्कल बाहेर काढताना तिच्याबरोबर एक चिटोरा खाली पडला होता. दगडाबाईने तो उचलून दिला. त्र्यंबकरावांची पोचपावती. उजव्या कोपऱ्यात नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: १३-८-९९, ११.१०.

एवढ्याशा चिटोऱ्यावरसुद्धा तारीख! तारखेखाली वेळसुद्धा!

डॉरिस त्या आकड्यांकडे बघत राहिली. तेरा, मग आठ, मग नव्व्याण्णव. आधी दिवस, मग महिना, जसं आपण सगळे लिहितो तसं. पण ते यंत्र अमेरिकेत जन्मलेलं. ते आधी महिना मागतं.

"मावशी," ती म्हणाली, "पाणी उतरलं की मला पळवत न्या. आणि अख्ख्या गावाला माझ्या मागून घेऊन या."

६

सव्वाचारला डॉरिस कचेरीत शिरली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. वाघ मॅडम, सहदेव, महिपत, त्र्यंबकराव, सगळे तिथेच होते. चहाच्या ट्रेखाली परवाचं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. पहिल्या पानावर होऊ घातलेल्या ग्रहणाचं मोठं चित्र असल्याने ते कोणी टाकलं नव्हतं. डॉरिसने कप बाजूला केले आणि आतलं पान उघडून वाघ मॅडमसमोर धरलं. भरतीची वेळ तिथे छापली होती. दगडाबाईच्या हिशोबात आणि त्या छापील वेळेत जेमतेम वीस मिनिटांचा फरक होता.

तिने बांधाची हकीगत सांगितली. पहिले बोलले त्र्यंबकरावच.

"होडीने गेला असेल."

"कागदावर पायी लिहिलंय. शिवाय होड्या सगळ्या पालथ्या," डॉरिस म्हणाली. "आणि जे गाव सोडून गेलेत, त्यांच्यातल्याच कोणी त्याला वल्हवत नेलं का? आम्ही इथे राहत नाही हे बघायला चला म्हणून?"

महिपत फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. त्याचा अजून जीव भांड्यात पडला नव्हता.

"म्हणजे महिपतनेच घरी बसून खोटा कागद केला," त्र्यंबकराव म्हणाले.

"महिपतने नाही." डॉरिसने चौदा जुने कागद टेबलावर मांडले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी ठेवलं. "प्रत्येक तारखेची तिथी बघा, पाऊणपट करा, खाडीचा पाऊण तास घाला. चौदाच्या चौदा फेऱ्या ओहोटीच्या वेळेतल्या आहेत. जो खरंच जातो, त्याला पाण्याची वेळ पाळावीच लागते. महिपतने खोटा कागद केला असता, तरी सवयीने ओहोटीचीच वेळ घातली असती. हा पंधरावा कागद अशा माणसाने केलाय, ज्याला त्या दिवशी अमावास्या आहे हे पक्कं ठाऊक होतं, पण अमावास्येचं पाणी कुठवर येतं हे ठाऊक नव्हतं."

वाघ मॅडमनी हळूच मान वर केली. "पाहणी खोटी. हे मला पटलं. पण नावं काढली कोणी?"

डॉरिसने यंत्र चालू केलं. हिरवी अक्षरं उमटली. यंत्राने रोजचा प्रश्न विचारला.

"त्र्यंबकराव, नावं परत घेतल्याची नोंद आजच्या योग्य तारखेने व्हायला हवी, नाहीतर उद्या कोणी हरकत घेईल. सहदेवसारखं नुसतं एंटर मारून चालणार नाही. तुमच्याइतका तारखेचा काटेकोर माणूस इथे नाही. तुम्ही सांगा, मी घालते."

त्र्यंबकराव खुलले. घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, "तेरा. आठ. नव्व्याण्णव."

डॉरिसने तसंच टंकलं. यंत्राने तारीख नाकारली.

"परत घाल. चुकली असशील."

तिने परत घातली. यंत्राने परत नाकारली. तेरावा महिना त्याच्या कॅलेंडरात नव्हता.

"असं कसं नाही घेत?" छत्तीस वर्षांच्या कारकुनीचा अपमान झाल्यासारखे त्र्यंबकराव तडकले. "अकरा आठ नव्व्याण्णव तर निमूट घेतलं होतं!"

सहदेवच्या तोंडातलं च्युइंगम थांबलं.

"घेतलं होतं खरं," डॉरिस हलकेच म्हणाली. "त्याला वाटलं, अकरावा महिना, आठ तारीख. म्हणून आठ नोव्हेंबर. सहदेव अकराला मशीन बंद करून गेला होता. तुम्ही ते चालू केलंत, आणि त्याने तारीख विचारल्यावर तुम्हाला ती न देता पुढे जाता आलं नाही. सहदेवला जमतं, तुम्हाला नाही जमणार. घड्याळात बघून वेळही घातलीत, बारा वीस. आणि तुमच्याच कागदाप्रमाणे पाहणी संपली साडेबाराला. पाहणारा परत यायच्या आधी दहा मिनिटं नावं गेली होती."

त्र्यंबकराव खुर्चीत बसले. एकाएकी ते फार म्हातारे दिसायला लागले.

"देवरामने सांगितलं," ते म्हणाले. देवराम नाक्यावरचा पुढारी. "गेल्या निवडणुकीत खाजणवाडीने एकगठ्ठा उलटं मतदान केलं आणि त्याचा माणूस पडला. म्हणाला, एवढं करा, निवडणूक झाल्यावरही तुमची खुर्ची कुठेतरी ठेवतो. मॅडम, निवृत्त झाल्यावर दोन वर्षं घरी बसलो होतो. सकाळी सदरा घालायचा आणि जायचं कुठे? तुम्हाला नाही कळायचं ते."

डॉरिसला क्षणभर त्यांची दया आली, अगदी खरी दया. पण तीनशे एकोणनव्वद माणसांना गावातून उठवून ही एक खुर्ची मांडली जाणार होती.

"किल्ल्या टेबलावर ठेवा," वाघ मॅडम म्हणाल्या. "आणि जे बोललात ते लिहून द्या. तारीख घाला. देवरामचं काय करायचं ते पोलीस ठाण्यात ठरेल."

मग त्यांनी पंधराव्या कागदावर लाल शाईने आडवी रेघ मारली. "पाहणी रद्द. पण एकदा फसले ते फसले. आता माणसं मी माझ्या डोळ्यांनी बघणार. आहेत कुठे?"

७

बाहेर गलका ऐकू आला. खाजणवाडी आली होती.

बांधावरून ओळीने चालत, पाय चिखलाने भरलेले, पोरंबाळं कडेवर. कामाला गेलेल्यांना निरोप धाडून बोलावलेलं. व्हरांडा भरला, शाळेचं मैदान भरलं. कित्येक वर्षांत त्या शाळेत एवढी गर्दी झाली नव्हती.

डॉरिसने यंत्र पुन्हा चालू केलं. या वेळी आधी महिना घातला, मग दिवस, आणि एका आज्ञेत सगळी नावं जागेवर आली. छपाई यंत्र करकरत कागद ओकायला लागलं. पाच वाजायला आले होते.

वाघ मॅडमनी टेबल मैदानात काढलं. डॉरिस नाव वाचायची, मॅडम माणूस बघून खूण करायच्या.

"भिवाजी नाखवा."

"हाय!"

"मंजुळा नाखवा."

"हाय जी!"

"चंदू नाखवा."

"चंदू भायेर हाय, येतोय!" कोणीतरी ओरडलं आणि चंदू सायकलवरून उडी टाकत फाटकातून धावत आला. सगळं मैदान हसलं.

दगडाबाई मुद्दाम ओळीच्या शेवटी उभी होती. पावणेसहा झाले तेव्हा तिची पाळी आली. डॉरिसने कागद वर केला.

"दगडाबाई नामा नाखवा."

म्हातारी पुढे झाली, कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण डॉरिसने दाखवलेली जागा तिने अंगठ्याने दाबून पाहिली, ओली शाई अंगठ्याला लागेपर्यंत. मग तिने तो अंगठा सगळ्या गावाला दिसेल असा उंच धरला.

"हाय!" ती गरजली. "मी हाय!"

आणि मैदानातली सगळी माणसं, नाव वाचून झालेली आणि कडेवरची वय न झालेलीसुद्धा, एका सुरात ओरडली, "हाय!" वाघ मॅडमनी डोळे पुसले आणि घड्याळात सहाला आठ मिनिटं असताना मोहोर उठवली.

सप्टेंबरात मतदान झालं. दगडाबाईने तिथीची पाऊणपट काढून सगळ्यांना कधी निघायचं ते आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, आणि केंद्र उघडायच्या आधीच खाजणवाडी रांगेत उभी होती. तीनशे एकोणनव्वदपैकी तीनशे ऐंशी जणांनी मत दिलं. डॉरिस मुद्दाम डोंबिवलीहून आली होती. शाई लावलेलं बोट नाचवत दगडाबाई बाहेर आली, तेव्हा तिने हसत विचारलं,

"मावशी, कोणाला दिलंत?"

"तुला कशाला सांगू?" दगडाबाई म्हणाली, आणि पदर खोचून भरती चढायच्या आत घरी पोचायला निघाली.